निवृत्त विजेता परत आणला की संघ जिंकतो?

मोठ्या संघाचे दोन मोसम वाईट गेले की फॉर्म्युला वनच्या चाहत्यांमध्ये हमखास एक मागणी उठते. हे दोघे ड्रायव्हर बाजूला करा, आपल्या जुन्या विजेत्याला गाडी द्या, तो आजही यांच्यापेक्षा वेगवान आहे. मग एक गट विजेतेपदं मोजून दाखवतो, दुसरा गट वय मोजून दाखवतो आणि वाद तिथेच फिरत राहतो. दोघांच्या हातात चुकीची मोजपट्टी आहे, असं माझं ठाम मत आहे. विजेतेपदांवरून माणूस किती मोठा हे कळतं, तो या रविवारी किती वेगाने जाईल हे कळत नाही. वयाने गाडी हळू होते म्हणावं, तर चाळिशीतल्या ड्रायव्हरांनी पोडियम गाठल्याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. निवृत्त विजेता परतल्यावर निदान पहिले काही महिने तरी संघातल्या नियमित ड्रायव्हरच्या मागेच राहतो. कारण त्या वर्षाच्या गाडीत, त्या वर्षाच्या टायरवर जे हजारो किलोमीटर दुसऱ्याने काढलेले असतात, ते त्याने काढलेले नसतात.

या वादाचं सगळ्यात शुद्ध रूप २००९ च्या उन्हाळ्यात पाहायला मिळालं. २५ जुलैला हंगेरीच्या पात्रता फेरीत रुबेन्स बारिकेल्लोच्या गाडीची मागच्या सस्पेन्शनमधली स्प्रिंग सुटली आणि ती मागून येणाऱ्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली. मासा त्या मोसमापुरता बाद झाला. चारच दिवसांत फेरारीने जाहीर केलं की त्याच्या जागी मायकेल शूमाकर उतरेल. सात विजेतेपदं, ९१ विजय, आणि २००६ च्या अखेरीस निवृत्ती. जुन्या, २००७ च्या गाडीतून त्याने मुजेलोला सरावही केला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत मोटरसायकलवरून पडून मानेला झालेली इजा बरी झाली नव्हती. ११ ऑगस्टला त्याने माघार घेतली. तेव्हापासून प्रश्न लटकलेला आहे: तो उतरला असता, तर त्या फेरारीत बसलेल्या किमी रायकोनेनला हरवू शकला असता का?

‘हो’ म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. शूमाकरची २००६ मधली शेवटची शर्यत ब्राझीलमध्ये झाली. टायर पंक्चर होऊन तो सगळ्यांच्या मागे पडला आणि तिथून चौथ्या क्रमांकापर्यंत आला. शेवटच्या काही लॅप्समध्ये त्याने ज्याला पहिल्या वळणावर आतून मागे टाकलं, तो मॅक्लारेनमधला रायकोनेनच होता, पुढच्या मोसमात फेरारीत त्याचीच जागा घेणारा. दुसरा पुरावा आणखी जड आहे. निवृत्तीनंतर वर्षभराने, नोव्हेंबर २००७ मध्ये, बार्सिलोनाच्या चाचण्यांत शूमाकर फेरारीत बसला आणि पहिल्याच दिवशी सर्वांत वेगवान ठरला. ट्रॅक्शन कंट्रोल काढून टाकलेल्या गाडीत. एका वर्षाच्या विश्रांतीने ज्याचं काही बिघडलं नाही, त्याचं आणखी दोन वर्षांत काय बिघडणार?

त्याच्या हातात काहीच बिघडलं नसणार. पण चाचणीतल्या वेळेवरून शर्यतीचा निकाल काढता येत नाही. गाडीत १० किलो इंधन जास्त असलं की लॅपमागे साधारण तीन दशांश सेकंद जातात आणि चाचणीच्या दिवशी कोणाच्या टाकीत किती इंधन होतं हे बाहेर कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय २००७ ची गाडी ही २००६ च्या गाडीची सख्खी बहीण होती. २००९ ची फेरारी एफ६० वेगळ्याच नियमांखाली बांधली होती. खाचांचे टायर जाऊन गुळगुळीत स्लिक्स आले होते. पुढचा पंख १८०० मिलिमीटर, म्हणजे गाडीइतकाच रुंद झाला होता, मागचा पंख अरुंद आणि उंच झाला होता. पुढच्या पंखाचा कोन ड्रायव्हरला लॅपमध्ये दोनदा बदलता येत होता. भरीला कर्स होतं: ब्रेक लावताना साठवलेली ऊर्जा, ६० किलोवॅट ताकदीने, लॅपमध्ये ६.७ सेकंदांच्या आसपास वापरायची.

यातलं कर्स बाहेरून फक्त ‘बूस्ट’चं बटण वाटतं. खरी अडचण ब्रेकमध्ये असते. फॉर्म्युला वनच्या गाडीत सरळ रस्त्याच्या शेवटी पेडलवर पहिला दाब १०० किलोच्या घरात द्यावा लागतो, कारण त्या वेगात डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, भरपूर असतो आणि टायर लॉक होत नाहीत. वेग उतरला की डाउनफोर्सही उतरतो, म्हणून पुढच्या क्षणापासून पाय त्याच प्रमाणात हलका करत वळणात शिरायचं. हा पाय हलका करण्याचा जो आलेख आहे, त्यातच चांगला ड्रायव्हर आणि मोठा ड्रायव्हर यांच्यातला फरक असतो. आता मागच्या चाकांवर कर्स ऊर्जा ओढू लागलं, की मागे जादा ब्रेक लागल्यासारखं होतं. बॅटरी भरली की ती ओढ कमी होते. म्हणजे त्याच वळणावर, त्याच दाबाने, गाडीचा मागचा भाग या लॅपला एक आणि पुढच्या लॅपला दुसरं वागू शकतो. पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण हाताने जुळवत राहावं लागतं. पुस्तकात वाचून पायाला ही सवय लागत नाही. आणि २००९ पासून मोसमात चाचण्यांवर बंदी होती. शूमाकरला एफ६० मध्ये एक दिवस सराव करू द्या, अशी फेरारीची विनंती विल्यम्ससह काही संघांनी अडवली. म्हणजे नव्या गाडीतला त्याचा पहिला किलोमीटर थेट व्हॅलेन्सियाच्या शुक्रवारच्या सरावातच झाला असता. भिंतींमधला रस्ता, लॅपला २५ वळणं, ५७ लॅप्स.

त्याच्या जागी मग लुका बादोएर उतरला. वर्षानुवर्षांचा फेरारीचा चाचणीचालक, पण शेवटची शर्यत १९९९ मधली. व्हॅलेन्सियाच्या शुक्रवारच्या सरावात पिट लेनची वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्याला चार वेळा दंड झाला. पात्रता फेरीत तो शेवटचा आला, आणि त्याच्या पुढच्या गाडीपेक्षाही सुमारे दीड सेकंद मागे. पुढच्या शर्यतीत, बेल्जियमच्या स्पा इथे, पुन्हा शेवटचा. त्याच स्पामध्ये, त्याच गाडीने रायकोनेन जिंकला. बादोएरला तेव्हा लोक फार हसले, आणि ते मला आजही अन्यायाचं वाटतं. गाडी, टायर, रस्ता सगळंच अनोळखी असलेल्या माणसाला दोन आठवड्यांत जगातल्या निवडक १९ जणांसमोर उभं केलं होतं.

बादोएर कुठे आणि शूमाकर कुठे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याच्यानंतर काय झालं तेच जास्त महत्त्वाचं. जानकार्लो फिसिकेला त्या वर्षभर शर्यती खेळत होता. स्पाला फोर्स इंडियाच्या गाडीत त्याने पोल, म्हणजे पात्रता फेरीतली पहिली जागा, घेतली आणि शर्यतीत रायकोनेनच्या मागे एका सेकंदाच्या आत दुसरा आला. आपल्याकडे त्या संघाच्या नावामुळे त्या दिवसाची आठवण अनेकांना असेल. पुढच्याच शर्यतीपासून फेरारीने त्याला मासाच्या गाडीत बसवलं. पाच शर्यती, शून्य गुण. सर्वोत्तम क्रमांक मोंझातला नववा, आणि तेव्हा गुण आठव्यापर्यंतच मिळत. रायकोनेन त्याच मोंझात तिसरा. फिसिकेला आठवड्याभरात गाडी चालवायला विसरला का? फोर्स इंडियात कर्स नव्हतं, फेरारीत होतं. ज्या गाडीला फेरारीने पुढे सुधारणंही थांबवलं होतं, तिच्या खोडी रायकोनेनला आठ महिन्यांच्या सवयीने ठाऊक होत्या. चालू मोसमातला, पूर्ण लयीतला ड्रायव्हर गाडी बदलताच इतका मागे पडतो, तर तीन वर्षं घरी बसलेला, मानेने अधू झालेला माणूस पहिल्याच रविवारी पुढे कसा जाईल? ती मान म्हणजे किरकोळ बाब नव्हे. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरा. वेगवान वळणात ४ ते ५ जी, म्हणजे वजनाच्या चार-पाच पट जोर, बसतो. म्हणजे मान बाजूला २६ ते ३२ किलो ओढली जाते, दर लॅपला, दीड तास. माझा अंदाज असा: निरोगी शूमाकर व्हॅलेन्सियात बादोएरच्या कितीतरी पुढे आणि रायकोनेनच्या निश्चित मागे राहिला असता. स्पापर्यंत गुण मिळवले असते. रायकोनेनला हरवलं नसतं.

हा अंदाज तपासायची संधी लगेच पुढच्या वर्षी मिळाली. शूमाकर २०१० मध्ये मर्सिडीजमधून परतला, ४१ व्या वर्षी, मान बरी झालेली, हिवाळ्यातल्या चाचण्या पूर्ण केलेल्या. शेजारच्या गाडीत तोवर एकही शर्यत न जिंकलेला निको रोझबर्ग. पहिल्या वर्षी रोझबर्गचे १४२ गुण, शूमाकरचे ७२. दुसऱ्या वर्षी ८९ आणि ७६. तिसऱ्या वर्षी ९३ आणि ४९. वयाचं कारण देणारे हे आकडे वाचून दाखवतात आणि इथेच ते घसरतात. २०१२ च्या पहिल्या सात शर्यतींपैकी पाच शूमाकर पूर्ण करू शकला नाही. कुठे गिअरबॉक्स गेला, कुठे पिटमध्ये चाक नीट बसलं नाही, कुठे इंधनाचा दाब पडला, कॅनडात मागच्या पंखाची डीआरएसची, म्हणजे हवेचा विरोध कमी करायला उघडायची, झडप उघडीच राहिली. बार्सिलोनात मात्र ब्रुनो सेनाच्या गाडीवर आदळण्याची चूक त्याची होती. पात्रता फेरीत त्या वर्षी दोघं जवळजवळ बरोबरीत होते. मोनाकोत ४३ वर्षांचा शूमाकर सगळ्यांत वेगवान ठरला, पण बार्सिलोनातल्या धडकेच्या शिक्षेमुळे त्याला सहाव्या जागेवरून निघावं लागलं. व्हॅलेन्सियात तो तिसरा आला. वय वेग खात असतं, तर ४१ पेक्षा ४३ व्या वर्षी तो रोझबर्गच्या जवळ कसा गेला? उलट दिशेने का गेला नाही?

२०१० मध्ये नेमकं काय नडलं, तेही सांगता येतं. शूमाकरची पद्धत अशी: गाडीचं नाक वळणात तीक्ष्णपणे शिरलं पाहिजे, मागचा भाग थोडा सुटला तरी तो सांभाळून घेईल. २००६ पर्यंत ब्रिजस्टोन आणि मिशेलिन यांच्यात टायरयुद्ध होतं आणि ब्रिजस्टोनचा मुख्य संघ फेरारी होता. टायरचं रबर त्याच्या चाचण्यांवरून ठरत होतं. तो परतला त्या वर्षी सगळ्यांना एकसारखे टायर होते, आणि पुढचा टायर २७० वरून २४५ मिलिमीटर अरुंद झाला होता. इंधन भरणं बंद झाल्याने सुरुवातीला गाडी जड असायची. अरुंद टायरवर जड गाडी वळणात ओढली की नाक बाहेर जातं, अंडरस्टिअर होतं. ड्रायव्हर स्टिअरिंग आणखी वळवतो, टायर घासून तापतो आणि चार लॅप्सनंतर उरलेली पकडही जाते. रोझबर्गनेही २००९ पर्यंत रुंद टायर चालवले होते, पण स्लिक्सचा पूर्ण मोसम त्याच्या हातात मुरलेला होता. २०११ मध्ये पिरेली आले, मुद्दाम लवकर झिजणारे टायर घेऊन. दर लॅपला जीव तोडून जाणं हे शूमाकरचं मोठं हत्यार होतं, आणि या टायरांवर ते वापरलं की तोटाच व्हायचा. या टायरांबद्दलची नाराजी त्याने उघड बोलूनही दाखवली.

आता विरुद्ध बाजूची सगळ्यात लाडकी साक्ष: निकी लाउडा. १९७९ मध्ये कॅनडात सरावाच्या मध्येच गाडीतून उतरून निवृत्त झाला, १९८२ मध्ये मॅक्लारेनमधून परतला, तिसऱ्याच शर्यतीत लाँग बीचला जिंकला, १९८४ मध्ये विश्वविजेता. गोष्ट खरी आहे, पण मधली दोन पानं लोक उलटतच नाहीत. १९८२ मध्ये त्याच्या संघातल्या जॉन वॉटसनचे ३९ गुण होते, लाउडाचे ३०. १९८३ मध्ये वॉटसनचे २२, लाउडाचे १२. म्हणजे दोन पूर्ण मोसम लाउडा अशा ड्रायव्हरच्या मागे होता ज्याचं नाव आज विजेत्यांच्या यादीत कोणी घेत नाही. तिसऱ्या वर्षी टर्बो गाडीत तो ७२ गुण मिळवून जिंकला, संघातल्या आलँ प्रोस्टचे ७१.५ झाले. तेव्हाही पात्रता फेरीत प्रोस्ट जवळपास प्रत्येक वेळी पुढे होता. लाउडाने विजेतेपद शर्यतीतल्या हिशेबाने मिळवलं. तीन वर्षांचा तो हिशेब होता.

प्रोस्टचं उदाहरण मात्र मी पूर्ण मान्य करतो. १९९२ चं वर्ष बाहेर बसून तो १९९३ मध्ये विल्यम्समध्ये आला आणि ९९ गुण मिळवून विजेता झाला. संघातल्या डेमन हिलचे ६९ गुण. पण एकच वर्ष गेलं होतं, हिवाळाभर तो त्याच गाडीत चाचण्या करत होता, आणि हिलचा तो पहिला पूर्ण मोसम होता. समोर कोण आहे, हे ‘हरवेल का’ या प्रश्नातलं अर्धं उत्तर असतं. नायजेल मॅन्सेलचंही तसंच. १९९४ मध्ये विल्यम्सने त्याला चार शर्यतींसाठी बोलावलं आणि ४१ व्या वर्षी तो ॲडलेडला पोलवरून जिंकला. चार शर्यती पूर्ण पाहा: फ्रान्स, हेरेझ आणि सुझुका, तिन्हींत हिल त्याच्या पुढे. ॲडलेडमध्ये शूमाकर आणि हिल एकमेकांवर आदळून बाद झाले. शिवाय मॅन्सेल निवृत्त नव्हता. दोन मोसम तो अमेरिकेत इंडीकार चालवत होता. पुढच्या वर्षी मॅक्लारेनने त्याला घेतलं, तर तो कॉकपिटमध्ये मावेना. नवी गाडी बांधेपर्यंत दोन शर्यती हुकल्या, दोन चालवल्या आणि तो थांबला.

रायकोनेन आणि फर्नांडो अलोन्सो यांची नावं इथे हटकून येतात, आणि तीही माझ्याच बाजूने बोलतात. रायकोनेन दोन वर्षं रॅलीत होता. २०१२ मध्ये लोटसमधून परतला, २०७ गुण, अजिंक्यपद तक्त्यात तिसरा. संघातल्या रोमाँ ग्रोजाँपेक्षा दुपटीने जास्त. पण पहिल्या, मेलबर्नच्या पात्रता फेरीत ग्रोजाँ तिसरा होता आणि रायकोनेन पहिल्याच टप्प्यात बाद. अलोन्सो मधल्या काळात ले मानची २४ तासांची शर्यत जिंकला, डकार रॅलीला गेला. तरी २०२१ मध्ये पोर्तुगालच्या पात्रता फेरीत संघातला एस्तेबान ओकों सहावा आणि तो तेरावा. मोसमाच्या उत्तरार्धात तो सावरला, वर्षअखेर ८१ विरुद्ध ७४ असा पुढे गेला. दोघंही घरी बसले नव्हते, वेगाची सवय सुटली नव्हती. तरीही या गाडीची, या टायरची, या पॉवर स्टिअरिंगची ओळख व्हायला महिने गेले.

क्रिकेटमध्ये तर माणसं दहा वर्षांनी परततात, असं म्हणणाऱ्यांच्या मनात बॉब सिम्पसन असतो. केरी पॅकरच्या बंडखोर स्पर्धेत खेळाडू गेल्यामुळे ऑस्ट्रेलियाचा संघ रिकामा झाला आणि १९७७-७८ मध्ये, ४१ व्या वर्षी, सिम्पसन कर्णधार म्हणून भारताविरुद्ध उतरला. पाच कसोटींत ५३९ धावा, दोन शतकं. गावसकरांनी त्या मालिकेत तीन शतकं ठोकली, तरी मालिका ऑस्ट्रेलियाने ३-२ जिंकली. पण सिम्पसन मधली सगळी वर्षं सिडनीच्या क्लब क्रिकेटमध्ये खेळत होता, समोर मुख्यतः आपली फिरकी होती, आणि खेळपट्टी तेव्हाही बावीस यार्डांचीच होती. तीच तांत्रिक शिदोरी घेऊन तो लगेच वेस्ट इंडीजला गेला, तिथे वेगवान माऱ्यापुढे त्याची सरासरी २२ वर आली. बॅट तरी तीच राहते. रेसिंगमध्ये तीन वर्षांनी हातात येणारं हत्यारच वेगळं असतं.

मग परतणाऱ्याने लगेच वेग दाखवल्याचं एकही उदाहरण नाही का? आहे, मोटरसायकलींच्या मोटोजीपीत. दानी पेद्रोसा तीन वेळचा विश्वविजेता, १२५ आणि २५० सीसी गटांत. २०१८ नंतर तो निवृत्त झाला. २०२३ मध्ये केटीएमवर पाहुणा म्हणून हेरेझला उतरला तर छोट्या स्प्रिंट शर्यतीत सहावा, मुख्य शर्यतीत सातवा. मिसानोत दोन्ही वेळा चौथा. हे कसं जमलं? निवृत्तीनंतर तो केटीएमचाच चाचणीचालक होता. ज्या गाडीवर बाकीचे शर्यत खेळत होते, ती घडवण्यात त्याचा हात होता. टायर तेच, इलेक्ट्रॉनिक्स तेच. विश्रांतीचा काळ त्याच्यासाठी रिकामा नव्हता. बादोएरही चाचणीचालक होता खरा, पण चाचण्यांवर बंदी आलेल्या वर्षातला.

म्हणून आज कोणी मर्सिडीजसाठी निको रोझबर्गचं नाव घेतलं, तर त्याचं वय आणि विजेतेपद बाजूला ठेवून गाडीचा इतिहास पाहावा. २०१६ चं विजेतेपद मिळवून पाच दिवसांत तो निवृत्त झाला. त्याने शर्यतीत चालवलेली शेवटची गाडी १८०० मिलिमीटर रुंद होती, नियमाने किमान वजन ७०२ किलो, पुढचा टायर २४५ मिलिमीटरचा. पुढच्याच वर्षी गाडी २००० मिलिमीटर आणि पुढचा टायर ३०५ मिलिमीटर झाला. २०१८ मध्ये हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं, आलं. २०२२ मध्ये तळाखालच्या हवेवर चिकटणाऱ्या ७९८ किलोच्या गाड्या आणि १८ इंची चाकं आली. २०२६ मध्ये पुन्हा नवे नियम, ज्यात जवळपास अर्धी ताकद विजेची. शूमाकरला तीन वर्षांची दरी ओलांडायला दोन मोसम लागले, तेही हिवाळ्यातल्या भरपूर चाचण्यांसह. रोझबर्ग सिम्युलेटरवर बटणं आणि वळणं आठवड्यात शिकेल. ब्रेकवरून पाय उचलताना मागची चाकं काय सांगतात हे सिम्युलेटर त्याच्या पाठीला सांगू शकत नाही. हिवाळाभर गाडी आणि निम्मा मोसम त्याला दिला, तर तो गुण मिळवू लागेल यावर मी पैज लावीन. पुढच्या शर्यतीला उतरवून मर्सिडीजच्याच जॉर्ज रसेलच्या पुढे पात्रता मिळवेल, यावर नाही.